इथल्या इथे जायचं असलं तरी

प्रश्न असा आहे: "पुण्यात कोथरूडहून डेक्कनला रोज स्कूटरवर जातो. अंतर पाच-सहा किलोमीटर. गर्दीत वेग तीस-पस्तीसच्या वर जातच नाही. मला मानेचा त्रास आहे. हायवेवर हेल्मेट हवं हे मान्य, पण शहरात त्याची सक्ती कशाला? एवढ्या कमी वेगात त्याचा खरंच उपयोग होतो का? बायको मागे बसते, पाच वर्षांची मुलगी पुढे उभी राहते. त्यांनाही कायदा लागू आहे का? आणि घ्यायचंच झालं तर कोणतं घ्यावं?"

मी मेंदूची ऑपरेशन्स करणारा डॉक्टर आहे. पंचवीसहून जास्त वर्षं याच शहरात डोक्याला मार लागलेले पेशंट बघतोय, आणि स्वतः दुचाकीही चालवतो. रात्री कॅज्युअल्टीतून फोन येतो, मी पोचतो, बाहेर उभ्या नातेवाइकांना विचारतो, "हेल्मेट होतं का?" बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं: "नाही हो डॉक्टर, इथल्या इथेच जायचं होतं." दूध आणायला, मुलाला क्लासला सोडायला, औषधाच्या दुकानापर्यंत. तुमच्या प्रश्नातही शब्द वेगळे असले तरी म्हणणं तेच आहे. म्हणून आधी वेगाबद्दल बोलतो, कारण गैरसमजाचं मूळ तिथेच आहे.

स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंचीवर असतं. समजा गाडी सिग्नलला उभी आहे, पाय घसरला, गाडी कलंडली आणि तुम्ही आडवे होऊन डोक्यावर आपटलात. गाडीचा वेग शून्य. तरी रस्त्याला टेकताना तुमच्या डोक्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग गाडीनं दिलेला नाही, उंचीनं दिलेला आहे, आणि तो काँक्रीटवर येऊन थांबतो. आता तुमचे तीस किलोमीटर घ्या. त्या वेगानं डोकं डिव्हायडरच्या कडेवर किंवा विजेच्या खांबावर आदळलं, तर ते साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली डोक्यावर पडण्यासारखं आहे. वेग चाळीस झाला की तीच उंची सव्वासहा मीटर होते. तीसवरून चाळीसवर जाताना काटा जरासा सरकतो, पण पडण्याची उंची जवळजवळ दुप्पट होते. आणि रिकाम्या रस्त्यावर रात्री दहानंतर तुम्ही चाळीसच्या आत राहत असाल, असं मला वाटत नाही.

डोकं किती अंतरात थांबतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. जोरात आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो. हात ताठ ठेवले तर तळवा झिणझिणतो. उघडं डोकं रस्त्यावर आदळतं तेव्हा मागे जायला जागाच नसते. त्वचा आणि केस मिळून दोन-तीन मिलिमीटर दबतात, तेवढ्यात वीसचा वेग शून्यावर येतो. हिशेब केला तर त्या क्षणी डोक्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाचशे पट जोर येतो. हेल्मेटच्या आत घट्ट थर्माकोलचा थर असतो. तो दोन-अडीच सेंटिमीटर दबला, तर तोच जोर साठ-सत्तर पटींवर येतो. हेल्मेटचं बाहेरचं कवच टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि डोकं रस्त्यावरून घसरू देतं. मेंदू वाचवण्याचं मुख्य काम मात्र हा पांढरा थर्माकोल स्वतः चिरडून घेऊन करतो. म्हणून तीस किलोमीटरला हेल्मेट बिनकामाचं ठरत नाही. उलट हेल्मेट सगळ्यात चांगलं काम करतं ते याच वेगांत. ऐंशीनं ट्रकखाली गेलेल्या माणसाला ते वाचवेल असं मी कुणालाही सांगणार नाही. शहरात स्लिप झालेल्या माणसाला ते वाचवतं, हे मी रोज पाहतो.

आता डोक्याच्या आत काय होतं ते सांगतो. कानाच्या वर, कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं, काही जणांचं तर पुठ्ठ्याएवढं. त्याच हाडाच्या आतल्या बाजूनं एक रक्तवाहिनी खाचेतून वर चढते. तिथे चीर गेली की ती वाहिनी फाटते आणि हाड व मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचायला लागतं. हा पेशंट फसवा असतो. पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, उठतो, कपडे झटकतो, कुणीतरी दिलेला चहा पितो, घरी फोन करून "काही झालं नाही, थोडं खरचटलंय" असं सांगतो. दीड-दोन तासांनी डोकं प्रचंड दुखायला लागतं, उलटी होते, झोप येते. घरच्यांना वाटतं, दमलाय, झोपू दे. वेळेत आला तर ऑपरेशन करून गाठ काढता येते आणि माणूस आठवड्याभरात घरी चालत जातो. सकाळपर्यंत झोपू दिलं, तर माझ्या हातात काही उरत नाही.

दुसरा प्रकार सीटी स्कॅनमध्ये फारसा दिसतही नाही. डोकं आपटताना जोरात फिरतं, मेंदूतले लांब तंतू ताणले जाऊन तुटतात. स्कॅन जवळजवळ नॉर्मल आणि पेशंट दोन महिने डोळे उघडत नाही. अशा वेळी नातेवाईक विचारतात, "रिपोर्ट चांगला आहे ना, मग उठत का नाही?" या प्रश्नाचं समाधान होईल असं उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. हे तंतू ऑपरेशननं जोडता येत नाहीत. डोकं फिरण्याचा हा जोर हेल्मेट पूर्ण थांबवू शकत नाही, कमी करतं. पण त्या कमी होण्यातच कधीकधी माणसाचं घरी परतणं असतं.

तुमची पत्नी मागे बसते, म्हणून एका बाईंची गोष्ट सांगतो. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, नवऱ्यामागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या. हातात भाजीची पिशवी. सोसायटीच्या गेटाजवळचा रंग न मारलेला स्पीडब्रेकर, गाडी उडाली, बाई मागच्या मागे रस्त्यावर. नवऱ्याला काही मीटर पुढे गेल्यावर कळलं. डोक्याचा मागचा भाग आपटला. अशा माराचं वैशिष्ट्य असं की मार मागे लागतो आणि मेंदू पुढच्या बाजूला ठेचतो, कारण तो आत पुढे-मागे हेलकावतो. नाकाच्या वर हाडाची एक चाळणी असते, तिच्या भोकांतून वासाच्या बारीक नसा वर जातात. त्या हेलकाव्यात त्या तुटतात. बाईंना ऑपरेशन लागलं नाही, दहा दिवसांत घरी गेल्या. सगळे पेढे घेऊन आले. तीन महिन्यांनी त्या एकट्या आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, फोडणीचा वास येत नाही. मोहरी करपली तरी कळत नाही. परवा गॅस चालू राहिला होता, शेजारीण धावत आली." तो वास परत आला नाही. पुढे त्यांच्या मुलानं वेगळीच तक्रार सांगितली: आई पूर्वी कधी चिडत नसे, आता ताटावरून उठून जाते. हीसुद्धा त्याच पुढच्या भागाची इजा. सरकारी आकडेवारीत ही बाई 'किरकोळ जखमी' या रकान्यात गेली असणार.

आकड्यांचं म्हणाल तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात देशभरात रस्त्यावर १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत. त्यांत दुचाकीवरचे ७४,८९७. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले. म्हणजे दुचाकीवर मृत्यू झालेल्या दर तिघांपैकी दोघांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. वेगवेगळ्या देशांतले अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ साली निघालेला निष्कर्ष सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. औषधांच्या दुनियेत असा परिणाम देणारी गोळी निघाली असती तर ती न लिहिणाऱ्या डॉक्टरला लोकांनी जाब विचारला असता.

आमच्या शाखेचा या विषयाशी जुना संबंध आहे. १९३५च्या मे महिन्यात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून पडला. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तोल गेला, डोक्याला मार लागला आणि सहाव्या दिवशी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. त्यानंतर त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा पाठपुरावा केला आणि १९४१ साली हेल्मेटचं महत्त्व मांडणारा लेख लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं निरोप पोचवणाऱ्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये कायदा आला तो १९७३ साली, केर्न्स यांच्या निधनानंतर २१ वर्षांनी. सैनिकाच्या डोक्याला जे १९४१मध्ये मिळालं ते दूधवाल्याच्या डोक्याला मिळायला बत्तीस वर्षं लागली. तेव्हाही 'माझं डोकं, माझा निर्णय' हाच वाद होता.

मानेबद्दल. माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी 'स्पाँडिलोसिस आहे, हेल्मेटमधून सूट द्या' असं सर्टिफिकेट मागायला येतं. मी देत नाही. कायद्यात असा अपवाद नाही, आणि असता तरी वैद्यकीयदृष्ट्या ते चूक ठरलं असतं. झिजलेल्या मानेच्या माणसाला पडल्यावर जास्त संरक्षण हवं. हेल्मेटनं मानेचा मणका मोडतो हा समज ऐंशीच्या दशकातल्या काही लिखाणातून पसरला. २०११ साली अमेरिकेतल्या ४० हजारांहून जास्त अपघातांची नोंद तपासली गेली, तेव्हा हेल्मेट घातलेल्यांत मानेच्या मणक्याची इजा २२ टक्क्यांनी कमी आढळली. रोजच्या दुखण्याचं कारण बहुधा दुसरंच असतं. हेल्मेट एक नंबर मोठं असतं, ते वाऱ्यानं मागे ओढलं जातं आणि त्याला जागेवर ठेवायला मान अर्धा तास ताठ धरावी लागते. तुमचं हेल्मेट डोक्यावर हलत असेल तर आधी ते बदला, मग माझ्याकडे या.

हॉर्न ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, हेही नेहमी ऐकतो. अमेरिकेत १९९४ साली रस्त्यावर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. हेल्मेट घातलेले चालक हॉर्न ऐकण्यात मागे पडले नाहीत, आणि लेन बदलताना मान थोडी जास्त वळवून त्यांनी नजरेची कसर भरून काढली. मात्र ओरखडलेली, पिवळी पडलेली काच रात्री खरोखर धोक्याची असते. समोरच्या दिव्यांचे त्यात फटाके फुटतात. काच वेगळी मिळते, वर्षा-दोन वर्षांनी बदलावी. उकाड्याचा त्रास खरा आहे, तो मी नाकारत नाही. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे दुपारी डोकं शिजतं. आत सुती रुमाल किंवा पातळ सुती टोपी घाला, हवेची भोकं असलेलं फिक्या रंगाचं हेल्मेट घ्या, आतलं अस्तर आठवड्याला सौम्य साबणानं धुवा. केस गळण्याचं भय तरुण मुलांना फार असतं. घाम आणि घाण अस्तरात साचू दिली तर कोंडा होतो, बाकी केसांचं मूळ हेल्मेट उपटत नाही.

कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायदा १९८८चा, कलम १२९. शहर आणि हायवे असा भेद त्यात कुठेही नाही. 'सार्वजनिक ठिकाणी' एवढंच आहे. २०१९च्या दुरुस्तीनं त्याचे शब्द आणखी स्पष्ट झाले: चार वर्षांवरची प्रत्येक व्यक्ती, मग ती चालवत असो किंवा तिला बसवून नेलं जात असो. अपवाद आहे तो पगडी घातलेल्या शीख व्यक्तीचा. मोडल्यास कलम १९४-डनुसार १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. कोर्टात न जाता तडजोडीनं भरायच्या दंडाची रक्कम राज्यागणिक वेगळी आहे. मुंबईत २०२२ साली पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरही कारवाई सुरू केली तेव्हा ती ५०० रुपये होती. एक बारीक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कलमातच स्पष्टीकरण आहे की हेल्मेट पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलं असलं पाहिजे. पट्टा मोकळा म्हणजे कायद्याच्या नजरेतही हेल्मेट घातलेलं नाही.

या पट्ट्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. काही वर्षांपूर्वी एका तरुणाचा भाऊ कॅज्युअल्टीत आला तो हातात किराणा दुकानाची पिशवी घेऊन. आत हेल्मेट. "डॉक्टर, त्यानं हेल्मेट घातलं होतं. मग असं कसं झालं?" मी ते टेबलावर ठेवून पाहिलं. चांगल्या कंपनीचं, खरं आयएसआय चिन्ह असलेलं, दोनेक हजारांचं. बाहेर एका कडेला घासल्याचा पट्टा. आतलं अस्तर बाजूला केलं, थर्माकोल गुळगुळीत, कुठे नखाएवढाही खळगा नाही. बक्कल उघडं, पट्ट्यावर ताणल्याची खूण नाही. म्हणजे डोकं रस्त्यावर आपटण्याआधीच हेल्मेट उडून गेलं होतं आणि एकटंच रस्त्यावर घरंगळत गेलं होतं. थर्माकोलनं करायचं काम हाडानं केलं. त्या मुलानं दोन हजार रुपये खर्च केले होते, रोज हेल्मेट आठवणीनं घेतलं होतं. राहिलं होतं ते एक 'टक्'. मला हे त्या भावाला सांगावं लागलं.

उलट अनुभवही सांगतो. एका रिक्षाचालकाची मुलगी, कॉलेजला जाणारी. बसनं कट मारला, गाडी घसरली. तिच्या हेल्मेटच्या आतल्या बाजूला, बरोबर कानशिलाच्या जागी, थर्माकोलमध्ये वाटीएवढा खळगा आणि त्यातून तीन भेगा. मनगट मोडलं होतं, कवटीवर साधं टेंगूळही नव्हतं. ते हेल्मेट मी तिच्या वडिलांकडून मागून घेतलं. नवीन ज्युनिअर डॉक्टर आले की त्यांच्या हातात देतो आणि त्या खळग्यावरून बोट फिरवायला सांगतो.

आता सक्ती. आपल्या शहराचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. जानेवारी २०१९मध्ये पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा पुणेरी पगड्या घालून मोर्चा निघाला होता. त्या मोर्चातल्या लोकांची एक तक्रार मला पूर्ण मान्य आहे: आधी रस्ते नीट करा. खड्डे, चेंबरची वर आलेली झाकणं, पावसात निसरडे होणारे पेव्हर ब्लॉक, खुणा नसलेले स्पीडब्रेकर यांनी माझं ऑपरेशन थिएटर भरलेलं असतं. पण खड्ड्यात चाक जाऊन होणारा अपघात म्हणजे नेमका कोणता? कमी वेगात तोल जाऊन डोक्यावर पडणं. रस्ते जितके वाईट तितकी हेल्मेटची गरज जास्त. महापालिकेला जाब विचारा, मीही विचारतो. पण त्या उत्तराची वाट उघड्या डोक्यानं पाहू नका.

सक्ती चालते का, याचं उदाहरण म्हणून मी व्हिएतनामकडे बोट दाखवतो, कारण तिथलं हवामान आपल्यासारखं दमट-उष्ण आणि रस्ते आपल्याहूनही जास्त दुचाकींनी भरलेले. तिथे १५ डिसेंबर २००७पासून सर्व रस्त्यांवर, चालक आणि मागे बसणारा दोघांनाही हेल्मेट लागू झालं. ठरलेल्या दिवशी, सगळीकडे एकदम, अपवाद न करता. पाहणी झालेल्या भागांत प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं, आणि पुढच्या तीन महिन्यांत रुग्णालयांच्या नोंदींत रस्ते अपघातातल्या डोक्याच्या इजांचा धोका १६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १८ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्यांनाही अडचणी आल्या. रस्त्याकडेला हलकी, नुसत्या टोपीसारखी हेल्मेटं विकली जाऊ लागली. मुलांवर दंडाची तरतूद नीट नव्हती, त्यामुळे आई-बाप हेल्मेटमध्ये आणि मूल उघडं, असं चित्र दिसे. पुढे मुलाला घेऊन जाणाऱ्या मोठ्या माणसालाच दंड लागू केला गेला. आपल्याकडे मोहीम आठ दिवस चालते, चौकात मामा दिसला की हेल्मेट कोपरातून डोक्यावर येतं आणि चौक संपला की परत कोपरात जातं. आठ दिवसांच्या मोहिमेनं माणसाला पोलीस चुकवायची सवय लागते. वर्षभर, रोज, प्रत्येक चौकात तेच झालं तर हेल्मेटची लागेल. मी सक्तीच्या बाजूचा आहे आणि मागे बसणाऱ्यांच्या सक्तीच्या तर ठामपणे बाजूचा आहे. मागच्याला पुढचा खड्डा दिसत नाही, ब्रेक कधी लागणार ते कळत नाही, धरायला हँडल नसतं. पडायला तो सगळ्यात कमी तयार असतो.

तुमच्या घरच्यांबद्दल आता नेमकं. पत्नीला हेल्मेट कायद्यानं लागतंच. स्कार्फ बांधत असतील तर तो पातळ आणि सपाट हवा, मागे गाठ आली तर हेल्मेट नीट बसत नाही. ओढणीची टोकं आत खोचलेली हवीत. साडी असली तरी शक्य असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसू द्या, आणि मागच्या चाकाचं साडी गार्ड काढून टाकू नका, ते नियमानंच बसवलेलं असतं.

मुलगी पाच वर्षांची, म्हणजे मोठ्यांसारखंच हेल्मेट तिलाही लागू. चारच्या आतल्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३पासून वेगळा नियम आहे: नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलाला मापाचं हेल्मेट, चालकाशी बांधणारा पट्ट्यांचा हार्नेस, आणि वेग ४०च्या आत. पण तुम्ही तिघं एका स्कूटरवर जाता, ही त्याहून मोठी गोष्ट आहे. कलम १२८ चालकाबरोबर एकालाच परवानगी देतं आणि मूल म्हणून त्यात सूट नाही. केरळनं २०२३मध्ये लहान मुलांसाठी अशी सवलत मागितली होती, केंद्रानं नाकारली. मुलीला पुढे फूटबोर्डवर उभं करणं तर आजपासून बंद करा, ही माझी हात जोडून विनंती. जोरात ब्रेक लागला की तिचं तोंड हँडलवर आपटतं आणि मागून तुमचं साठ-सत्तर किलोचं वजन तिच्यावर येतं. मी अशी मुलं पाहिली आहेत, वर्णन करणार नाही. ती मागे, तुमच्याशी हार्नेसनं बांधलेली, स्वतःचं हेल्मेट घातलेली असू द्या. त्या दिवशी पत्नीला रिक्षा किंवा बस.

हेल्मेट निवडताना दुकानात घाई करू नका. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याभोवती टेप फिरवा, ते सेंटिमीटर म्हणजे तुमचं माप. हेल्मेट घालून पट्टा लावा, पट्टा आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा हवी. मग हेल्मेट हातांनी डावी-उजवीकडे वळवा. गालाची कातडी त्याच्याबरोबर सरकली तर माप बरोबर, हेल्मेट सरकलं आणि गाल जागेवर राहिले तर मोठं. नवीन असताना गालांना घट्टच वाटायला हवं, महिन्याभरात अस्तर दबतं. शेवटी मागची कडा धरून पुढे उलटायचा प्रयत्न करा. निघून आलं तर ते घेऊ नका. पूर्ण चेहऱ्याचंच घ्या. अर्ध्या हेल्मेटमध्ये जबडा आणि चेहरा उघडा राहतो, आणि तोंडावर पडणारे काही कमी नसतात.

१ जून २०२१पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. तरी पुलाखाली दोनशे-तीनशे रुपयांत खोटा शिक्का मारलेली हेल्मेटं मिळतात. त्यांच्या आत कधी नुसता स्पंज असतो, आणि स्पंज जोर शोषत नाही. खऱ्या चिन्हावर वर 'आयएस ४१५१' आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर टाका, कंपनीचं नाव येतं. हजार-बाराशेत चांगलं हेल्मेट मिळतं. त्यापुढचे पैसे वजन, आराम आणि रंगाचे असतात. नवी गाडी घेताना हेल्मेट द्यायची जबाबदारी नियमानं गाडी बनवणाऱ्यावर आहे, ते मागून घ्या आणि मापात बसलं तर पत्नीला द्या. आरशावर हेल्मेट अडकवू नका, आतल्या थर्माकोलला खळगा पडतो. पेट्रोल, थिनर किंवा स्प्रे पेंट लावू नका, थर्माकोल विरघळतो.

रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर १०८ला फोन करा. हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल किंवा तोंडातून रक्त-उलटी येत असेल तरच काढायचं, तेही दोघांनी मिळून: एकानं मान आणि जबडा खालून स्थिर धरायचा, दुसऱ्यानं पट्टा सोडून किंवा कापून हेल्मेटच्या दोन्ही कडा फाकवत हळू काढायचं. पाणी पाजू नका. रिक्षात कोंबून नेऊ नका. पोलिसांच्या लफड्याला घाबरू नका. २०१९च्या दुरुस्तीत आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं, आणि नाव सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. आणि पडलेला माणूस उठून बोलायला लागला तरी त्या रात्री घरच्यांनी त्याला अधूनमधून जागं करून बघावं. एक बाहुली मोठी, वाढती डोकेदुखी, पुन्हा उलटी, बरळणं, एका हाताचा जोर कमी, यांतलं एकही दिसलं तर सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका.

एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी परत वापरायचं नाही. दबलेला थर्माकोल फुगून पुन्हा वर येत नाही. आणि टाकून देताना पट्टा कात्रीनं कापून मगच कचऱ्यात टाका. नाहीतर तेच हेल्मेट धुऊन-पुसून कुणाच्या तरी डोक्यावर जातं आणि घालणाऱ्याला वाटतं, आपण हेल्मेट घातलंय.